समस्या निवारण: इंग्रजी मजकुरात पुन्हा पुन्हा चुकणारे प्रीपोझिशन आणि फसणारी तुलना

मराठी भाषकांनी लिहिलेले इंग्रजी अहवाल, अर्ज, पत्रे आणि माहितीपत्रके तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. लिहिणारे बदलतात, विषय बदलतात, लेखकांची इंग्रजीवरील पकडही कमी-अधिक असते. तरीही माझ्या खुणा बहुतेक वेळा त्याच दोन जागी पडतात. एक जागा म्हणजे क्रियापदानंतर येणारे प्रीपोझिशन (‘इन’, ‘ऑन’, ‘टू’ असा नाते दाखवणारा, नामाआधी येणारा शब्द) आणि दुसरी म्हणजे दोन गोष्टींची तुलना करणारे विशेषण. शब्दलेखन तपासणाऱ्या साधनांना या चुका सहसा सापडत नाहीत, कारण वाक्यातील प्रत्येक शब्द सुटा पाहिला तर बरोबरच असतो. चुकलेला असतो तो दोन शब्दांमधला सांधा. हा सांधा लेखकाला स्वतःला तपासता यावा, यासाठी मी ज्या क्रमाने तपासणी करतो तो क्रम येथे मांडत आहे. सर्वांत सोपी आणि काही सेकंदांत होणारी तपासणी आधी आहे, वेळ आणि विचार मागणारी नंतर.

लक्षणे

प्रीपोझिशनचा बिघाड तीन रूपांत दिसतो. पहिल्या रूपात ते नको तेथे येते: ‘वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन’, ‘शी एंटर्ड इन द रूम’, ‘ही मॅरीड विथ हर’, ‘द रिपोर्ट एम्फसाइझेस ऑन सेफ्टी’. दुसऱ्या रूपात ते हवे तेथून गायब होते: ‘आय वॉज लिसनिंग म्युझिक’, ‘प्लीज एक्सप्लेन मी धिस पॉइंट’, ‘द रूम आय स्टेड वॉज स्मॉल’. तिसऱ्या रूपात ते असते, पण भलतेच असते: ‘अँग्री ऑन मी’, ‘गुड इन ड्रॉइंग’, ‘अफ्रेड फ्रॉम डॉग्ज’.

तुलनेतील बिघाडाची लक्षणे अशी: ‘धिस ब्रिज इज लाँग दॅन दॅट वन’, ‘मोर बेटर’, ‘व्हेरी बेटर’, ‘सुपीरियर दॅन’, ‘आय प्रिफर वॉकिंग दॅन रनिंग’. यांपैकी एखादे लक्षण मजकुरात एकदा दिसले, तर ते आणखीही कोठेतरी असणार असे गृहीत धरावे. ही चूक हात घसरल्याने झालेली नसते. ती सवयीची असते आणि त्याच लेखकाच्या पुढच्या पानावर त्याच वेषात पुन्हा भेटते.

बिघाड नेमका कोठे आहे

तपासणी सुरू करण्यापूर्वी मूळ समजून घेणे आवश्यक आहे, अन्यथा प्रत्येक चूक सुटी पाठ करावी लागते आणि ती यादी कधी संपत नाही.

मराठीत दोन शब्दांमधील नाते नामाच्या अंगावर असते. ‘घराला’, ‘घरावर’, ‘घराशी’, ‘घरापासून’, ‘घरापेक्षा’ या प्रत्येक रूपात नामाचे सामान्यरूप होते आणि त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय चिकटते. क्रियापदाकडे न पाहताही नाते ऐकू येते. इंग्रजीत नामाचे रूप बदलत नाही. पुढे कोणते प्रीपोझिशन येणार, किंवा येणार की नाही, हे बहुतेक वेळा क्रियापद किंवा विशेषण ठरवते. आपण मात्र सवयीने नामाकडे पाहतो, त्याला चिकटलेले मराठी अव्यय उचलतो आणि त्याचा इंग्रजी प्रतिशब्द शोधतो. एका ‘वर’चीच गत पाहा. ‘तिच्यावर रागावणे’ येथे ‘विथ’ किंवा ‘अॅट’ लागते, ‘त्याच्यावर हसणे’ येथे ‘अॅट’, ‘त्यावर अवलंबून असणे’ येथे ‘ऑन’, आणि ‘तिच्यावर प्रेम करणे’ येथे काहीच लागत नाही. ‘लव्ह हर’ एवढेच.

तुलनेतही तेच घडते. ‘हा पूल त्या पुलापेक्षा लांब आहे’ या वाक्यात तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ उचलतो. ‘लांब’ हे विशेषण जसेच्या तसे राहते. इंग्रजीत हा भार दोन जागी वाटलेला असतो, विशेषणाचे रूपही बदलते आणि ‘दॅन’ही लागते. म्हणून दोन्ही बिघाडांवरचा उपाय एकच आहे: नजर नामावरून उचलून क्रियापदावर किंवा विशेषणावर ठेवायची.

तपासणी १: ‘मोर’ आणि ‘व्हेरी’ शोधा

सर्वांत स्वस्त तपासणी ही, कारण ती संगणकाच्या शोध-सुविधेने एका मिनिटात होते. मजकुरातील प्रत्येक ‘मोर’वर थांबा आणि त्यापुढील विशेषणाला ‘-अर’ हा अंत्य प्रत्यय आधीच लागला आहे का, ते पाहा. ‘मोर फास्टर’, ‘मोर चीपर’, ‘मोर बेटर’ यांतील ‘मोर’ काढून टाका. साधारणतः एका अक्षरावयवाच्या (एका झटक्यात उच्चारता येणाऱ्या, जसे ‘फास्ट’, ‘चीप’) विशेषणांना ‘-अर’ लागते, ‘ईझी’, ‘हॅपी’, ‘हेवी’ अशा ‘ई’ने संपणाऱ्या दोन अवयवांच्या विशेषणांनाही तेच लागते, तीन किंवा अधिक अवयवांच्या विशेषणांना ‘मोर’ लागते. ‘गुड’चे ‘बेटर’, ‘बॅड’चे ‘वर्स’, ‘लिटल’चे ‘लेस’ ही अनियमित रूपे मोजकीच आहेत आणि ती पाठच असावीत.

त्यानंतर ‘व्हेरी’ शोधा. ‘खूपच अधिक चांगला’ म्हणताना हात ‘व्हेरी बेटर’कडे जातो. मात्र ‘व्हेरी’ मूळ विशेषणापुढे येते. तुलनात्मक रूपापुढे ‘मच’ किंवा इंग्रजी ‘फार’ येते, म्हणून ‘मच बेटर’, ‘फार मोर यूजफुल’. ‘मच’ला पर्याय म्हणून ‘अ लॉट’ही चालते, परंतु औपचारिक मजकुरात मी ‘मच’च ठेवतो.

आपल्या कानाला ‘मोर बेटर’ का खटकत नाही, याचे उत्तर मला मराठीतच सापडले. संस्कृतात तुलनेसाठी ‘-ईयस्’ आणि ‘-इष्ठ’ असे प्रत्यय होते. ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’, ‘बलिष्ठ’ हे शब्द त्या दुसऱ्या प्रत्ययाने बनलेले आहेत आणि इंग्रजीतील ‘-एस्ट’ हा त्याच प्राचीन प्रत्ययाचा भाऊबंद आहे. ‘श्रेष्ठ’ या शब्दाच्या पोटातच ‘सर्वांत चांगला’ हा अर्थ होता. मराठीत मात्र तो प्रत्यय ऐकू येईनासा झाला, म्हणून आपण ‘अधिक श्रेष्ठ’, ‘सर्वश्रेष्ठ’, ‘माझ्यापेक्षा ज्येष्ठ’ असे सहज म्हणतो आणि मराठीत ते योग्यच आहे. इंग्रजीत तो प्रत्यय अजून जिवंत आहे. त्याचे काम तो स्वतः करतो, त्यामुळे त्यावर ‘मोर’ किंवा ‘मोस्ट’ चढवले की दुहेरी होते.

तपासणी २: ‘दॅन’ शोधा आणि मागे वळून पाहा

प्रत्येक ‘दॅन’पाशी थांबून डावीकडे जा. तेथे ‘-अर’ने संपणारे रूप, ‘मोर’, ‘लेस’ किंवा अनियमित तुलनात्मक रूप सापडलेच पाहिजे. एरवी ‘दॅन’ चालते ते ‘रादर’, ‘अदर’ अशा मोजक्या शब्दांनंतर. यांपैकी काहीच सापडले नाही, तर दोनपैकी एक बिघाड आहे. एक तर विशेषणाचे रूप बदलायचे राहिले आहे, म्हणजे ‘लाँग दॅन’चे ‘लाँगर दॅन’ करायचे. नाही तर तेथे ‘दॅन’च नको आहे.

‘दॅन’ नको असलेल्या शब्दांचे दोन गट आहेत आणि माझ्या अनुभवात शिकलेल्या लेखकांकडूनही हेच गट सर्वाधिक चुकतात. पहिला गट ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’, ‘सीनियर’, ‘जुनियर’, ‘प्रायर’ यांचा. हे शब्द लॅटिनमधून आलेली मूळचीच तुलनात्मक रूपे आहेत. लॅटिनमध्ये ‘सीनियर’ म्हणजे ‘अधिक वयस्क’ आणि ‘जुनियर’ म्हणजे ‘अधिक तरुण’. त्यांच्यापुढे इंग्रजीत ‘टू’ येते: ‘शी इज सीनियर टू मी’, ‘धिस मेथड इज सुपीरियर टू दॅट वन’. ‘मोर सुपीरियर’ हा तर पहिल्या तपासणीतील दोषही ठरतो. वयाच्या संदर्भात आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा: ‘एल्डर ब्रदर’ बरोबर आहे, परंतु ‘एल्डर दॅन मी’ नाही, तेथे ‘ओल्डर दॅन मी’ म्हणावे.

दुसरा गट क्रियापदांचा आहे. ‘एक्सीड’, ‘सरपास’, ‘आउटवे’, ‘आउटनंबर’ या क्रियापदांच्या अर्थातच ‘पेक्षा जास्त’ सामावलेले आहे. ‘खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला’ हे वाक्य मनात असले की लेखणीतून ‘द कॉस्ट एक्सीडेड दॅन द एस्टिमेट’ उतरते. योग्य वाक्य ‘द कॉस्ट एक्सीडेड द एस्टिमेट’ इतकेच आहे. ‘प्रिफर’चेही असेच. लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ ‘पुढे नेणे, पुढे ठेवणे’ असा आहे. ‘चालणे धावण्यापुढे ठेवतो’ अशी कल्पना केली की ‘प्रिफर वॉकिंग टू रनिंग’मधील ‘टू’ मनात बसते. वाक्यात ‘टू’सह क्रियापदाचे मूळ रूप आलेले असेल तर मात्र ‘आय प्रिफर टू वॉक रादर दॅन रन’ अशी रचना करावी लागते, कारण एकापाठोपाठ दोन ‘टू’ वेगवेगळ्या कामांसाठी आले की वाचक अडखळतो. ‘मोर प्रिफरेबल’ मी नेहमी खोडतो. ‘प्रिफरेबल टू’ पुरते.

‘दॅन’च्या जागी ‘देन’ लिहिले जाण्याची चूकही याच फेरीत दिसेल. ती शब्दलेखनाची आहे, दुरुस्त करून पुढे जावे.

तपासणी ३: मराठीत ‘नाम अधिक करणे’ आहे का, ते पाहा

ही तपासणी माझ्या सर्वांत उपयोगी पडलेली आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक थांबतो.

मराठीत कितीतरी क्रिया एकाच धातूने सांगितल्या जात नाहीत. त्या नाम आणि साहाय्यक क्रियापद यांच्या जोडीने सांगितल्या जातात. चर्चा करणे, विनंती करणे, मागणी करणे, उल्लेख करणे, वर्णन करणे, हल्ला करणे, लग्न करणे, भर देणे, विश्वास ठेवणे, परिणाम करणे. या प्रत्येक जोडीतील नामाला स्वतःचे अव्यय लागते: ‘विषयी’ चर्चा, ‘वर’ हल्ला, ‘वर’ भर, ‘शी’ लग्न. इंग्रजीतील नामालाही लागते, आणि गंमत अशी की ते बहुतेक वेळा मराठीला समांतरच असते: ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’, ‘अॅन अटॅक ऑन द फोर्ट’, ‘एम्फसिस ऑन सेफ्टी’, ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, ‘अॅन आन्सर टू द क्वेश्चन’. मात्र त्याच शब्दाचे क्रियापद झाले की ते प्रीपोझिशन गळून पडते आणि कर्म थेट येते: ‘डिस्कस द प्लॅन’, ‘अटॅक द फोर्ट’, ‘एम्फसाइझ सेफ्टी’, ‘रिक्वेस्ट लीव्ह’, ‘आन्सर द क्वेश्चन’. आपण मनात नाम वापरतो, कागदावर क्रियापद लिहितो आणि नामाचे प्रीपोझिशन त्याच्या गळ्यात बांधतो. गफलत होते ती येथे.

म्हणून कृती अशी: क्रियापदापुढचे प्रीपोझिशन दिसले की ते वाक्य मराठीत मनाशी म्हणा. मराठीत ‘नाम अधिक करणे, देणे किंवा ठेवणे’ अशी जोडी आली, तर ते प्रीपोझिशन संशयित धरा आणि ते काढून वाक्य पुन्हा वाचा. ‘मेन्शन अबाउट’, ‘डिस्क्राइब अबाउट’, ‘ऑर्डर फॉर’, ‘डिमांड फॉर’, ‘ट्रस्ट ऑन’, ‘डाउट ऑन’, ‘अफेक्ट ऑन’ ही सगळी क्रियापदे म्हणून वापरलेली असतील तर या चाळणीत अडकतात. ज्याला नाम वापरायचेच असेल त्याने ‘वी हॅड अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’ असे लिहावे. तेही अगदी योग्य इंग्रजी आहे.

संशयित म्हणजे दोषी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ‘तक्रार करणे’ ही मराठीत जोडी असली, तरी ‘कम्प्लेन अबाउट’ला प्रीपोझिशन हवेच, ‘टिप्पणी करणे’साठी ‘कॉमेंट ऑन’ लागते, ‘माफी मागणे’साठी ‘अपॉलजाइझ टू’ आणि ‘फॉर’ दोन्ही लागतात. ‘एंटर द रूम’ बरोबर असताना ‘एंटर इंटू अॅन अॅग्रीमेंट’ हेही बरोबर आहे, कारण तेथे प्रवेश खोलीत नसून बंधनात आहे. ही चाळणी कोठे थांबायचे ते दाखवते. निर्णय मात्र पुढे सांगितलेल्या शब्दकोशाच्या तपासणीने होतो.

काही जोड्या मराठीमुळे नव्हे, तर दोन इंग्रजी रचना एकमेकींत मिसळल्यामुळे बिघडतात. ‘कीप अप विथ’ आणि ‘कम अप विथ’ यांच्या प्रभावाने ‘कोप अप विथ’ तयार होते. योग्य रूप ‘कोप विथ’ आहे. ‘कन्सिस्ट ऑफ’च्या नादाने ‘कम्प्राइझ ऑफ’ येते. तेथे ‘ऑफ’ खोडावे. ‘रिटर्न बॅक’ आणि ‘रिपीट अगेन’ यांत अर्थाची पुनरुक्ती आहे.

तपासणी ४: गळालेले प्रीपोझिशन शोधा

जास्तीचे काढणे सोपे असते, कारण ते डोळ्यांसमोर असते. नसलेले दिसत नाही, म्हणून ही तपासणी थोडी अवघड आहे.

पहिली जागा अशी, की जेथे मराठीत कर्म थेट येते आणि इंग्रजीत येत नाही. ‘गाणे ऐकले’ येथे मराठीत काहीच आड येत नाही. इंग्रजीत ‘लिसन’नंतर ‘टू’ हवेच. ‘चित्र पाहिले’साठी ‘लुक अॅट’, ‘पुस्तक शोधले’साठी ‘लुक फॉर’. दुसरी जागा ‘मला’ची. ‘मला सांग’, ‘मला समजाव’, ‘मला सुचव’ या तिन्हींत ‘मला’ सारखाच आहे. इंग्रजीत मात्र ‘टेल मी’ योग्य आणि ‘एक्सप्लेन मी’, ‘सजेस्ट मी’ अयोग्य. तेथे ‘एक्सप्लेन इट टू मी’, ‘सजेस्ट अ नेम टू मी’ असे म्हणावे लागते. उलट ‘त्याला विचारले’मधील ‘ला’ पाहून ‘आस्क्ड टू हिम’ लिहिले जाते. तेथे ‘आस्क्ड हिम’ पुरेसे आहे.

तिसरी जागा संबंधी वाक्यांची. ‘मी राहिलो ती खोली’ या मराठी रचनेत ‘खोलीत’मधील ‘त’ नाहीसा होतो आणि अर्थ तरीही पूर्ण राहतो. इंग्रजीत तो नाहीसा होऊ शकत नाही: ‘द रूम आय स्टेड इन’. यासाठी उपवाक्य सुटे करून सरळ वाक्य करून पाहावे; ‘आय स्टेड इन द रूम’ असे म्हणताना ‘इन’ आले, तर मूळ वाक्यातही ते कोठेतरी असलेच पाहिजे, मात्र एकदाच. ‘इन विच आय स्टेड इन’ ही दुहेरी चूक लेखकाच्या भीतीतून येते. वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन ठेवू नये, असे अनेकांना शिकवलेले असते. इंग्रज कवी जॉन ड्रायडन याने १६७२ मध्ये अशा रचनेवर आक्षेप नोंदवला होता आणि पुढे शालेय व्याकरणांनी तो नियम म्हणून उचलून धरला; परंतु इंग्रजी भाषेचा प्रत्यक्ष वापर तसा कधीच नव्हता आणि आजही नाही. शेवटी आलेले ‘इन’ दोष नाही, गळालेले ‘इन’ दोष आहे.

तपासणी ५: ‘टू’ कोणता आहे, ते ओळखा

‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ हे वाक्य औपचारिक पत्रांच्या शेवटी हमखास आढळते आणि पत्राचा शेवटचाच ठसा बिघडवते. इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येतो, जसे ‘वॉन्ट टू गो’. दुसरा खरा प्रीपोझिशन आहे आणि त्यापुढे नामच येऊ शकते. ओळखण्यासाठी क्रियापदाच्या जागी ‘द मीटिंग’ ठेवून पाहा. ‘लुक फॉरवर्ड टू द मीटिंग’ हे चालते, ‘वॉन्ट टू द मीटिंग’ चालत नाही. जेथे नाम चालते, तेथे क्रियापदाला ‘-इंग’ लावावे: ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’, ‘ऑब्जेक्ट टू पेइंग’, ‘आय अॅम यूज्ड टू वेकिंग अर्ली’.

मराठीत हा नियम आपण नकळत पाळतोच. ‘भेटणे’ला शब्दयोगी अव्यय लागले की त्याचे ‘भेटण्या’ होते: भेटण्यासाठी, भेटण्यावर, भेटण्यापेक्षा. प्रीपोझिशननंतरचा ‘-इंग’ हा आपल्या ‘-ण्या’चाच सोबती समजावा. मला हे साम्य लक्षात आले तेव्हापासून मी ते प्रत्येक लेखकाला सांगतो, आणि बहुतेकांचा हा दोष त्यानंतर कायमचा जातो.

तपासणी ६: सर्वनाम घालून पाहा

‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘लुक अॅट द लाइट’ ही दोन वाक्ये वरवर एकाच घडणीची दिसतात. ‘द लाइट’च्या जागी ‘इट’ घाला. पहिल्यात ‘टर्न इट ऑफ’ असे करावे लागते, ‘टर्न ऑफ इट’ चालत नाही. दुसऱ्यात ‘लुक अॅट इट’च राहते, ‘लुक इट अॅट’ होऊ शकत नाही. पहिल्यातील ‘ऑफ’ हा क्रियापदाचाच तुकडा आहे आणि दोन्ही मिळून एक अर्थ होतो. दुसऱ्यातील ‘अॅट’ हा नामाला बांधलेला प्रीपोझिशन आहे. ही तपासणी महत्त्वाची अशासाठी, की पहिल्या प्रकारच्या जोड्यांचा अर्थ सुट्या शब्दांवरून लावता येत नाही. त्या शब्दकोशात स्वतंत्र नोंद म्हणूनच पाहाव्या लागतात.

तपासणी ७: कशाची तुलना कशाशी

येथून पुढे चूक डोळ्यांना दिसत नाही, अर्थ तपासावा लागतो. ‘या टाकीची क्षमता त्या टाकीपेक्षा जास्त आहे’ हे मराठीत स्वाभाविक आहे. त्याचे शब्दशः ‘द कपॅसिटी ऑफ धिस टँक इज ग्रेटर दॅन दॅट टँक’ असे इंग्रजी केले, तर क्षमतेची तुलना टाकीशी होते. ‘ग्रेटर दॅन दॅट ऑफ द अदर टँक’ असे लिहावे. अहवालांमध्ये ही चूक फार असते आणि आकड्यांच्या मजकुरात ती वाचकाला खरोखर चकवते.

‘अदर’ गळण्याची चूक याच जातीची आहे. ‘द सन इज लार्जर दॅन एनी प्लॅनेट’ हे बरोबर, कारण सूर्य ग्रह नाही. ‘जुपिटर इज लार्जर दॅन एनी प्लॅनेट’ चुकीचे, कारण गुरू स्वतःच ग्रह आहे आणि वाक्यानुसार तो स्वतःपेक्षाही मोठा ठरतो. तेथे ‘एनी अदर प्लॅनेट’ हवे.

फरक किती, हे सांगताना मराठीत ‘-ने’ किंवा ‘-नी’ येते आणि इंग्रजीत ‘बाय’ येते. येथे ‘विथ’ लिहू नये. एव्हरेस्टची उंची सुमारे ८,८४९ मीटर आणि केटूची ८,६११ मीटर आहे, म्हणून ‘एव्हरेस्ट इज हायर दॅन केटू बाय अबाउट २३८ मीटर्स’. वाढ आणि घट सांगणाऱ्या क्रियापदांत तर या एका शब्दावर सगळा हिशेब उभा असतो. ‘इन्क्रीज्ड बाय १०’ म्हणजे दहाने वाढले, ‘इन्क्रीज्ड टू १०’ म्हणजे वाढून दहा झाले. दोन्ही वाक्ये व्याकरणाने निर्दोष आहेत, त्यामुळे कोणते अभिप्रेत आहे हे कोणतेही यांत्रिक साधन सांगू शकत नाही. मूळ आकडे पाहूनच ठरवावे.

तपासणी ८: अर्थच्छटा आणि शब्दकोश

काही क्रियापदांना एकापेक्षा अधिक प्रीपोझिशन लागतात आणि प्रत्येकाबरोबर अर्थ बदलतो. व्यक्तीशी किंवा मताशी सहमत असाल तर ‘अॅग्री विथ’, प्रस्ताव मान्य असेल तर ‘अॅग्री टू’, दोघांनी मिळून तारीख ठरवली तर ‘अॅग्री ऑन’. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याने झेलावा म्हणून टाकणे, ‘थ्रो द बॉल अॅट हिम’ म्हणजे त्याला लागावा म्हणून मारणे. ‘अॅट’च्या मुळाशी लक्ष्य किंवा नेम आहे, हे ध्यानात आले की ‘लाफ अॅट’, ‘शाउट अॅट’, ‘एम अॅट’ आपोआप जुळतात. त्याचप्रमाणे ‘ऑन’मध्ये आधार आहे: ‘डिपेंड ऑन’, ‘रिलाय ऑन’, ‘बेस्ड ऑन’. ‘फ्रॉम’मध्ये दुरावा आहे: ‘प्रिव्हेंट फ्रॉम’, ‘डिफर फ्रॉम’, ‘रिकव्हर फ्रॉम’. ‘फॉर’मध्ये अपेक्षा किंवा हेतू आहे: ‘वेट फॉर’, ‘आस्क फॉर’, ‘होप फॉर’. ही सूत्रे सगळीकडे लागू पडत नाहीत, ‘गुड अॅट’मध्ये नेम कसला हे सांगता येणार नाही, तरी पाठांतराचे ओझे ती बरेच हलके करतात.

शेवटचा निवाडा शब्दकोशाने करावा, परंतु त्यासाठी इंग्रजी-मराठी कोश पुरत नाही, कारण तो अर्थ सांगतो, रचना सांगत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्यावा. ए. एस. हॉर्न्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये शिकवण्याच्या अनुभवातून असा कोश तयार केला. तो तेथे १९४२ मध्ये आणि पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डतर्फे निघाला. क्रियापद कोणत्या साच्यात बसते ते दाखवणे हेच त्याचे वैशिष्ट्य होते. आजच्या अशा कोशांत क्रियापद सकर्मक आहे की अकर्मक, आणि त्यापुढे कोणते प्रीपोझिशन येते, ते ठळक अक्षरांत दिलेले असते. अर्थ वाचून कोश मिटू नये; उदाहरणाची दोन वाक्ये वाचावीत, कारण उत्तर तेथे असते.

कोठे थांबावे

काही ठिकाणी बिघाडच नसतो. ‘डिफरंट फ्रॉम’ सर्वत्र चालते, ‘डिफरंट टू’ ब्रिटिश वापरात आहे आणि ‘डिफरंट दॅन’ अमेरिकन वापरात. ‘प्रोटेस्ट अगेन्स्ट द डिसिजन’ आणि ‘प्रोटेस्ट द डिसिजन’, ‘राइट टू मी’ आणि ‘राइट मी’ यांतील फरकही अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांचा आहे. एका मजकुरात एकच पद्धत ठेवावी आणि पुढे जावे; यावर वेळ घालवू नये. तसेच एखादे वाक्य तीनदा दुरुस्त करूनही अवघडल्यासारखे वाटत असेल, तर प्रीपोझिशन बदलत बसण्यात अर्थ नाही. ते वाक्य मोडून, दोन छोट्या वाक्यांत, वेगळे क्रियापद घेऊन पुन्हा लिहावे.

मात्र चार प्रकारच्या मजकुरात स्वतः दुरुस्ती करू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो: करार आणि न्यायालयीन कागदपत्रे, औषधाची मात्रा किंवा उपचारांच्या सूचना, यंत्रांच्या सुरक्षिततेच्या सूचना, आणि सही करून बांधील होण्याचे अर्ज. येथे एका प्रीपोझिशनने अर्थ उलटू शकतो. ‘सब्स्टिट्यूट अ फॉर ब’ याचा अर्थ ब काढून अ वापरणे असा आहे, आणि ‘रिप्लेस अ विथ ब’ याचा अर्थ अ काढून ब वापरणे. ‘बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत केव्हाही पूर्ण करणे, ‘अंटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत चालू ठेवणे. ‘लाएबल फॉर द डॅमेज’ म्हणजे नुकसानीस जबाबदार, ‘लाएबल टू डॅमेज’ म्हणजे नुकसान होण्याची शक्यता असलेले. अशा मजकुरासाठी त्या क्षेत्रातील वकील, डॉक्टर किंवा अभियंता आणि त्या विषयाचा जाणकार भाषांतरकार यांच्याकडे जावे. केवळ इंग्रजी चांगले असलेला परिचित येथे पुरेसा नाही, माझ्यासारखा भाषा तपासणारा संपादकही एकटा पुरेसा नाही.

त्यांच्याकडे मजकूर देताना फक्त इंग्रजी मसुदा देऊ नये. जे म्हणायचे आहे ते मराठीत सरळ वाक्यांत लिहून, मूळ आकडे आणि तारखा जोडून, ज्या जागी शंका आहे तेथे खूण करून द्यावे, म्हणजे ‘दहाने वाढवा’ की ‘दहापर्यंत वाढवा’ हे तपासणाऱ्याला अंदाजाने ठरवावे लागणार नाही.